सांगितलेला पाऊस

रेडिओवर पाऊस सांगितला आणि तो पडला नाही, तर आमचे घरमालक तो स्वतः पाडायचे.

हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे कसा?" तर असा. सकाळच्या बातम्यांबरोबर रेडिओवर हवामानाचा अंदाज लागे. अप्पा तो उभे राहून ऐकत. दिवसभर येता-जाता आभाळाकडे बघत. दिवस कलला आणि तरी आभाळ कोरडं ठणठणीत असलं, की ते घरामागच्या परसात जात, लाकडी स्टूल मांडत, त्यावर चढत आणि पत्र्याच्या झारीनं वाफ्यांवर उंचावरून पाणी सोडत. स्टूल कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाऊस कमरंएवढ्या उंचीवरनं पडतो का बाई कदी?"

नुसता पडूनही चालत नसे, जसा सांगितला तसा पडावा लागे. हलक्या सरी म्हणजे अर्धी झारी. मध्यम म्हणजे दोन. जोरदार सांगितला असेल तर अप्पांच्या बायको, म्हणजे आमच्या काकी, आतून ओरडायच्या, "हौद रिकामा करू नका, उद्या लाइट न्हाई!" 'तुरळक ठिकाणी' असं ऐकलं की अप्पा पंचाइतीत पडत. मग वांग्यांना पाऊस मिळे आणि मेथीला मिळत नसे. "सगळ्यांना दिला तर तुरळक कसा म्हनायचा?" आणि 'मेघगर्जनेसह' असेल त्या दिवशी ते कुंपणाला लावलेल्या पत्र्यावर तळहातानं दोनदा धाडधाड वाजवत. गाडी सोडताना कंडक्टर वाजवतो, अगदी तसं.

गाव महाळुंगे पडवळ. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. घाटघरसारख्या डोंगरातल्या गावातून खाली येऊन, वसतिगृहात राहून शिकलेली. नोकरी लागली याचाच आनंद इतका होता की राहायचं कुठं, याचा विचार मी रुजू झाल्यावर केला. एकट्या मुलीला खोली द्यायला लोक कचरत होते. शिपायानं सांगितलं, "एस्टीतनं रिटायर झालेल्या कंट्रोलरकडं बघा. माणूस जरा हाय तसा, पन घर चांगलं हाय."

ओट्यावर काकी शेंगा निवडत होत्या. त्यांनी मला खालून वर आणि वरून खाली पाहिलं. "एकटीच? लगीन? सैपाक आत करनार का खोलीत?" मी उत्तरं देत होते, तेवढ्यात घरातून आवाज आला, "बाई कुठल्या गावच्या?"

तो आवाज ऐकला आणि मी बोलायची थांबले. मला तो आवाज पाठ होता. तालुक्याच्या स्टँडवर, शनिवारी दुपारी कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असताना, डोक्यावरच्या कर्ण्यातून तो यायचा: 'घाटघरकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल.' थोडा वेळ जायचा, बराच वेळ जायचा, बाकड्यावरची उन्हं सरकायची, आणि तो आवाज पुन्हा तेच सांगायचा. माणूस कधी पाहिला नव्हता. खिडकीला जाळी होती.

"घाटघर," मी म्हटलं.

 मग अप्पा बाहेर आले. उंच, किरकोळ, खाकी शर्टाचा रंग गेलेला पण बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"म्हंजी तुमी बसला असाल स्टँडवर."

"हो."

"लई?"

"लई," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी काकींकडे पाहिलं. "खोली यांना द्यायची."

"अवो, मी आजून इचारतीया—"

"यांचं आपल्याकडं र्‍हायलंय," अप्पा म्हणाले आणि आत निघून गेले.

परस फार मोठा नव्हता, पण त्याची शिस्त स्टँडची होती. वाफ्यांना ते फलाट म्हणत. भंगारात निघालेल्या जुन्या पाट्या त्यांनी कधीतरी घरी आणून ठेवल्या होत्या. बी ज्या गावाहून आलं त्या गावाची पाटी त्या वाफ्याला. वांग्यांपुढे 'निरगुडसर', कारण वांग्याचं बी काकींच्या माहेरच्या गावचं. नुसतं 'पुणे' लिहिलेल्या वाफ्यात कुणीतरी पाकिटातून आणून दिलेला फ्लॉवर होता. तो कधीच धरला नाही. "पुन्याची गाडी भरलेली दिसती, उतरत कुनीच न्हाई," असं काकी म्हणायच्या.

मी दिवाळीहून परत येताना आईनं पुरचुंडीत डोंगरी काकडीचं बी बांधून दिलं. आमच्याकडे पावसाळ्यात घराच्या कुडावर ती चढवतात. अप्पांनी बी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ते दोडका-पडवळाच्या मांडवाशेजारी लावलं आणि 'घाटघर'ची पाटी शोधून काढून तिथे ठोकली. सगळ्या वेलांना फुलं आली, काकडीला येईना. मी वरमून म्हटलं, "अप्पा, आमच्या बियाला इथली हवा मानवत नसेल."

"घाटघर हाय ते," अप्पा शांतपणे म्हणाले. "येनार. पन माज्याकडनं वेळ इचारू नका."

उलटा प्रसंगही मी पाहिला. रेडिओनं 'हवामान कोरडे राहील' असं सांगितलं आणि दुपारी धो धो पाऊस सुरू झाला. मी शाळेतून भिजत आले, तर अप्पा खताच्या रिकाम्या गोण्या मेथीवर अंथरत होते आणि उरलेल्या कोथिंबिरीवर छत्री धरून बसले होते. स्वतः पार निथळत. शेजारचे बबनराव भिंतीवरून बघत उभे होते. बबनरावांना रोज संध्याकाळी आमच्या परसात डोकावल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

"कंट्रोलर! आवो, पाऊस पडतोय न्हवं! फुकट पानी मिळतंय, घेऊ द्या की बिचार्‍या कोथमिरीला!"

"त्यांना आज कोरडं सांगितलंय."

"मंग हे वरनं पडतंय ते काय हाय?"

"ही जादा गाडी हाय," अप्पा म्हणाले. "येळापत्रकात नाय. तिच्या भरवशावर कुनी बसायचं नस्तं."

बबनराव हसत घरात गेले आणि ती गोष्ट दुसर्‍या दिवशी पारावर पोचली.

मी विज्ञानाची शिक्षिका. मला राहवेना. एका संध्याकाळी मी अप्पांना समजावून सांगायला बसले. ढग कसे तयार होतात, वारा दिशा का बदलतो, अंदाज हा अंदाजच का असतो. अप्पांनी सगळं नीट ऐकलं. ते चांगले विद्यार्थी होते, मधे बोलत नसत.

"अप्पा, ते 'शक्यता' म्हणतात. शक्यता म्हणजे खात्री नव्हे."

"मला म्हाईत हाय, बाई. त्या रेडिओवाल्यावर माजा राग न्हाई. त्याला वरनं कागद येतो, तो वाचतो. मी बी तेच केलं आयुष्यभर. गाडी कुठं हाय ते मला तरी कुठं म्हाईत असायचं? फोन लागला तर लागला. पन खिडकीपुढं मानसं येऊन उभी र्‍हायली की काहीतरी सांगावंच लागतं. सांगनारा सांगतो आन मोकळा व्हतो. ऐकनारा बसून र्‍हातो ना."

मग त्यांनी मिरचीच्या रोपांची गोष्ट सांगितली.

डोंगराकडच्या कुठल्याशा वाडीची एक बाई. ऐन पावसाळ्यात स्टँडवर आली, हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मिरचीची रोपं. वाडीकडे जाणार्‍या गाडीचा रस्ता पुढे खचला होता, पण ते अप्पांना कुणी कळवलं नव्हतं. ते आपले कर्ण्यावरून सांगत राहिले, थोड्याच वेळात लागेल. बाई बसून राहिली. मधेच नळावर जाऊन गोणपाट भिजवून यायची. दुपारनंतर नळालाही पाणी राहिलं नाही. संध्याकाळी गाडी रद्द झाल्याचा निरोप आला, तोवर रोपांनी माना टाकल्या होत्या.

"भांडली असती तर बरं वाटलं असतं," अप्पा म्हणाले. "ती भांडली न्हाई. खिडकीत रोपं ठिवली आन म्हनली, 'भाऊ, तुमी म्हनत व्हता म्हनून थांबले. न्हाईतर सकाळीच चालत निघाले असते. आता हाईत ती तुमीच लावा.' आन गेली चालत."

अप्पांनी ती रोपं त्याच संध्याकाळी क्वार्टरच्या मागं लावली. बहुतेक गेली. दोन-तीन जगली. त्याआधी अप्पांनी कधी कोथिंबिरीची काडी लावलेली नव्हती. परसातली मिरची त्याच रोपांच्या बियांची. तिच्यापुढे पाटी नव्हती, कारण वाडीचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर मी त्यांना ढगांबद्दल काही शिकवलं नाही.

त्या वर्षी गणपती उठले आणि पावसानं ओढ दिली. रेडिओ मात्र रोज पाऊस सांगत होता. अप्पांची धावपळ वाढली. हौदातलं पाणी, झारी, स्टूल, पुन्हा हौद. एका संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. पत्र्यावर एक धाड ऐकू आली, दुसरी आली नाही. त्याऐवजी स्टूल कोसळल्याचा आवाज आला. मेघगर्जना स्टुलावरूनच उरकावी म्हणून अप्पा वाकले होते आणि तोल गेला होता. मी आणि काकी धावलो. मनगट विचित्र वळलेलं. काकींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "बाई, वीज पडली बगा. नेमकी आमच्यावरच."

हसत म्हणाल्या, आणि पदर फाडून अप्पांचं मनगट बांधायला लागल्या.

मंचरला नेऊन प्लास्टर घातलं. दुसर्‍या दिवशी त्यांचा मुलगा आला. संजय भोसरीच्या एका कंपनीत फिटर होता, तिसर्‍या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मुलगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. बापाचा हात हातात घेऊन तो बराच वेळ बसला. पण बाहेर पडला तो बबनरावांच्या तावडीत सापडला, आणि बबनरावांनी त्याला कोथिंबिरीवरच्या छत्रीपासून सगळं साग्रसंगीत ऐकवलं.

संजयचा चेहरा उतरला. त्यानं मला बाजूला बोलावलं. "बाई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. अप्पांचं डोकं ठीक हाय ना?"

"तुमच्या-माझ्याइतकं ठीक आहे," मी म्हटलं. "ते फक्त दुसर्‍यांनी दिलेला शब्द पाळतात."

हे त्याला पटलं असं वाटलं नाही. मला सांगायला अजून बरं काही सुचायला हवं होतं. घरात जाऊन तो म्हणाला, "अप्पा, पुडच्या रविवारी जीप घेऊन येतो. तुमी दोघांनी माज्याकडं चलायचं. आज हात मोडला, उद्या कंबर मोडंल. मी तिकडं ड्यूटीवर आसताना कुनाच्या जिवावर सोडू तुमाला? घर बंद करून टाकू."

अप्पा काही बोलले नाहीत. काकी मला हळूच म्हणाल्या, "बोलत न्हाईत म्हंजी खचले."

तो आठवडा वाईट गेला. रेडिओ फळीवर तसाच, बटण कुणी फिरवलं नाही. अप्पा ओट्यावर परसाकडे पाठ करून बसत. मी सकाळी शाळेला जायच्या आधी वाफ्यांना पाणी घालत होते. पण ते म्हणाले, "नका त्रास घेऊ बाई. आता पाटी बदलली. गाडी रद्द."

मला दुसरीकडे खोली मिळाली असती. पण तिसर्‍या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये अप्पा खिडकीशी बसलेत आणि कुठेच काही लावायला माती नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. वसतिगृहापासून आजवर मला माणसांनी जागा दिली म्हणून मी इथवर आले होते. आणि ज्यांनी दिली त्यांचीच जागा जात होती.

रविवारी सकाळी मी न विचारता रेडिओ लावला. अप्पांनी मान वर केली नाही, पण उठूनही गेले नाहीत. 'काही ठिकाणी मेघगर्जनेसह मध्यम स्वरूपाचा पाऊस पडण्याची शक्यता आहे.' बाहेर आभाळ निळंशार.

संजय दुपारी आला. बोचकी बांधली, भांडी पोत्यात भरली, गादीची वळकटी केली. सगळं जीपमध्ये चढेपर्यंत ऊन तिरकं झालं. "चला अप्पा," संजय म्हणाला. अप्पा ओट्यावरून उठले आणि जीपकडे न जाता परसाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय र्‍हायलं?"

"सांगितलंय," अप्पा म्हणाले. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसरा नुसता लोंबत. "मध्यम. मेघगर्जनेसह. आन आपन निघालो."

संजय कपाळाला हात लावून उभा राहिला. तेवढ्यात काकींनी पदर खोचला. आयुष्यभर या पावसाची टिंगल केलेल्या काकी. त्यांनी झारी भरली, स्टूल ओढलं आणि एक पाय वर ठेवला.

"आये! आगं उतर खाली! तुला बी पाडायचंय का?"

"मंग तू चढ," काकी म्हणाल्या. "बापाचा एक पाऊस पाड आन मंग कुठं न्यायचं तिथं ने."

 संजयनं चपला काढल्या आणि तो स्टुलावर चढला. मी झारी वर दिली.

"किती?" त्यानं बापाकडे न बघता विचारलं.

"मध्यम म्हंजी दोन झार्‍या," अप्पा पुटपुटले. "मांडवाच्या पार कडंपतुर."

काकींनी पत्र्यावर दोनदा धाडधाड वाजवलं. भिंतीवर बबनराव उगवलेच. "संजा, तू बी?"

"बबनतात्या, बाजूला व्हा, भिजाल," संजय म्हणाला.

पहिली झारी संपली. दुसरी अर्धी झाल्यावर तो मांडवाच्या टोकाकडे वाकला आणि स्टूल डुगडुगलं. मी पाय धरले. तो तसाच वाकलेला राहिला, मांडवाकडे, मग न्हाणीवरच्या टाकीकडे, मग परत मांडवाकडे बघत. त्याच्या चेहर्‍यावर एकदम कामाचं काहीतरी आलं.

"अप्पा, तुमी इथनं वाकत व्हता? रोज?"

"हां."

"मंग पडनारच की! हे स्टुलाचं काम न्हाईच. लाइन टाकायला पायजे." तो खाली उतरला आणि पावलं टाकून अंतर मोजू लागला. "टाकी उंचावर हायच. तिथनं पाइप काढायची, बांबूवरनं फिरवायची, खिळा तापवून बारकी भोकं पाडायची. खाली दारापाशी कॉक. कॉक फिरवला का पाऊस. कशाला चढायचं आन कशाला पडायचं?"

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "आन हलक्या सरी?"

"कॉक आर्धा फिरवायचा!"

"तुरळक ठिकानी?"

संजयनं डोकं खाजवलं. "दोन लाइनी करतो. येगळा कॉक."

 काकी जीपकडे गेल्या आणि स्वतःच गादीची वळकटी ओढून खाली घेतली. "उतरव बाकीचं," त्या मुलाला म्हणाल्या. "पाइप कवा आनतोस ते सांग. आन नक्की सांग. थोड्याच येळात म्हनू नको."

पुढच्या रविवारी संजय खरोखर पाइपा, एल्बो आणि दोन पितळी कॉक घेऊन आला. सकाळपासून बाप-लेक परसात होते. एक खिळे तापवतोय, दुसरा डाव्या हातानं 'हितं घे, हितं' करतोय. काम करता करता मांडवावर चढलेल्या संजयला पानांआड एक काकडी सापडली, हातभर लांब. "अप्पा, घाटघर लागली!" तो वरूनच ओरडला. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या बाकड्यावरच्या सगळ्या शनिवारांचा हिशेब त्यांनी चुकता केला.

त्या दिवशी रेडिओनं जोरदार पाऊस सांगितला होता. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. नवरात्र तोंडावर आलं होतं, म्हणून काकींनी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन मांडवाच्या बांबूंवर आणि खालच्या दोरीवर वाळत घातली होती. ऊन होतं, वारा होता, कोण कशाला घाबरणार?

ऊन कललं. अप्पा कॉकपाशी उभे राहिले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं, घसा साफ केला, आणि मग तो आवाज आला, कर्ण्याशिवाय, पण तोच: "पाऊस थोड्याच वेळात फलाटावर लागेल."

आणि कॉक फिरवला.

पाइपेत हवा गुरगुरली, मग सगळ्या मांडवावर एकदम पाणी कोसळलं. दोडक्यावर, पडवळावर, काकडीवर, मिरचीवर. उन्हात ते चमकत होतं. अप्पा तोंड उघडं टाकून बघत उभे होते. त्यांच्या आयुष्यात त्यांनी सांगितलेलं काही सांगितल्या वेळेला येताना त्यांनी फारसं पाहिलं नसावं. संजय ओला होऊन हसत होता. मी वाफ्याच्या कडेला खाली बसले.

"आवो, गोधड्या!" काकी घरातून धावत आल्या. "माज्या सगळ्या गोधड्या! आदी सांगायचं तरी!"

अप्पांनी कॉकवरचा हात काढला नाही.

"सकाळपासनं सांगत्यात रेडिओवर," ते म्हणाले. "तुजा इस्वास नव्हता."

त्या रात्री घरात पांघरायला कोरडं असं काहीच नव्हतं, आणि आम्ही चौघंही गाढ झोपलो.